किया घेऊ की काकांचं ऐकू?

"ताई, मी मूळचा नाशिकचा, सव्वीस वर्षांचा. इथलं एमएस संपवून मिलवॉकीत पहिली नोकरी लागली, त्याला चार महिने झाले. आतापर्यंत बसवर निभावलं, पण आता शहराबाहेरच्या साइटवर जावं लागतंय आणि तिथे बस जात नाही. हाताशी सहा हजार डॉलर आहेत. एका डीलरकडे २०२० ची किया फोर्टे आहे, ४८ हजार मैल चाललेली, साडेतेरा हजार सांगतोय. म्हणतो, 'कियाची दहा वर्षांची वॉरंटी आहे, डोळे झाकून घ्या.' दुसरा डीलर नवी किया के४ देतोय, टॅक्सबिक्स सगळं धरून २६,८०० डॉलर. ८४ महिने, नऊ टक्के व्याज, हप्ता ३३५. न्यू जर्सीचे काका म्हणतात, 'टोयोटा नाहीतर होंडा, बाकीचे सगळे पत्र्याचे डबे.' बाबा नाशिकहून म्हणतात, 'शेजारच्यांची सेल्टॉस बघ काय मस्त आहे, घेऊन टाक किया.' ऑफिसातला मित्र नुसता हसला. म्हणाला, 'मिलवॉकीत किया, आणि तीही रस्त्यावर लावणार?' माझ्या इमारतीला पार्किंग नाही, गाडी रस्त्यावरच राहणार. मी ओपीटीवर आहे, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर. काय करू? ता. क. आईला नव्या गाडीपुढे नारळ फोडायचाय, व्हिडिओ कॉलवर."
– गोंधळलेला, मिलवॉकी

गोंधळलेल्या,

तुझे काका बोलतायत ते तीस वर्षांपूर्वीच्या गाडीबद्दल. बाबा बोलतायत दुसऱ्याच देशातल्या गाडीबद्दल. मित्र हसला तो २०२१ पर्यंतच्या गाड्यांना. यातलं कोणी खोटं बोलत नाहीये, पण तुझ्या दारात जी उभी राहणार आहे तिच्याबद्दल अजून कोणी तोंडच उघडलेलं नाही.

निकाल आधीच सांगून टाकते. ती २०२० ची फोर्टे घेऊ नकोस. के४ घ्यायला माझी हरकत नाही, पण त्या ८४ महिन्यांच्या कागदावर सही केलीस तर मात्र काका परवडले म्हणायची वेळ येईल.

काकांची बाजू आधी घेते, कारण त्यांच्या मनात जे बसलंय ते उगाच बसलेलं नाही. १९८६ मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत पाऊल टाकलं ते एक्सेल नावाच्या छोट्या गाडीने. किंमत ४,९९५ डॉलर. पहिल्याच वर्षात १,६८,८८२ गाड्या खपल्या, लोक अक्षरशः तुटून पडले. आणि मग त्या गाड्या रस्त्यात बंद पडायला लागल्या. रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमांत ह्युंदाई हा हमखास हशा पिकवणारा विषय झाला. किया आली १९९४ मध्ये, सेफिया घेऊन, सुरुवात ऑरेगनमधल्या पोर्टलंडपासून. तिचंही नाव काही बरं नव्हतं. पुढे आशियातल्या आर्थिक संकटात किया बुडाली आणि १९९८ मध्ये ह्युंदाईने ती ताब्यात घेतली. काका त्याच सुमारास अमेरिकेत आले असतील तर त्यांच्या डोक्यातली कोरियन गाडी म्हणजे मित्राची हायवेवर धूर सोडत उभी राहिलेली गाडी. एकदा दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काका तर ताक बघायलाच तयार नाहीत.

या बदनामीवर कंपनीने जो उतारा काढला, तोच आज डीलर तुझ्यावर चालवतोय. १९९८ मध्ये ह्युंदाईने जाहीर केलं की इंजिन आणि गिअरबॉक्सवर दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची वॉरंटी, जे आधी संपेल ते. त्या काळात असं कोणी देत नव्हतं. पुढे कियानेही तेच केलं, आणि लोक हळूहळू परत फिरले. पण यात एक मेख आहे, आणि ती छापलेली असते बारीक अक्षरात. ही दहा वर्षं पहिल्या मालकाला. गाडी विकली की दुसऱ्या मालकाच्या वाट्याला उरतात पाच वर्षं किंवा साठ हजार मैल, आणि तीही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली त्या दिवसापासून मोजून.

आता तुझी फोर्टे. ४८ हजार मैल म्हणजे साठ हजारांच्या आत, म्हणून तुला वाटलं असेल की अजून बारा हजार हातात आहेत. पण २०२० ची गाडी, पाच वर्षं कधीच उलटून गेली. वॉरंटी आहे, फक्त ती तुझी नाही. डीलर खोटं बोलला नाही, 'कियाची' म्हणाला, 'तुमची' म्हणाला नाही. अशा माणसाशी बोलताना प्रत्येक वाक्यातलं सर्वनाम तपासावं.

याला एक वाट आहे. कियाच्याच अधिकृत डीलरकडून 'सर्टिफाइड' म्हणून विकली जाणारी जुनी गाडी घेतली, तर इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी पुन्हा दहा वर्षं-एक लाख मैलांवर नेतात, मोजणी अर्थात मूळ तारखेपासूनच. तुझा पहिला डीलर कियाचा आहे का, हे तू लिहिलेलं नाहीस. नुसताच जुन्या गाड्यांचा असेल, तर त्याने काचेवर 'सर्टिफाइड' असं कितीही मोठं लिहिलं तरी ते त्याच्या घरचं सर्टिफिकेट.

मित्राच्या हसण्याकडे येऊ. तो थट्टा करत नव्हता, आणि तू राहतोस ते शहरच या प्रकरणाचं माहेर आहे. २०११ ते २०२१ या काळातल्या अनेक किया आणि २०१५ ते २०२१ मधल्या अनेक ह्युंदाई गाड्यांत, ज्या चावी फिरवून चालू होतात अशा, इमोबिलायझरच नव्हता. इमोबिलायझर म्हणजे चावीतली चिप आणि गाडीचा संगणक यांची ओळख. ओळख पटली नाही तर इंजिन चालूच होत नाही. २०१५ च्या मॉडेलांमध्ये बाकी कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत तो होता, ह्युंदाई-कियाच्या फक्त २६ टक्क्यांत. पैसे वाचवले ते इथे. गंमत बघ, कॅनडात २००७ पासून तो सक्तीचा असल्यामुळे तिथे विकल्या गेलेल्या त्याच गाड्यांत तो होता. मिलवॉकीतल्या पोरांना याचा पत्ता आधी लागला. स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिक उचकटायचं, आणि फोनच्या चार्जरच्या यूएसबी टोकाने इग्निशन फिरवायचं. २०२२ मध्ये टिकटॉकवर व्हिडिओ फिरले आणि ही विद्या देशभर पसरली. २०२३ मध्ये दोन मोठ्या विमा कंपन्यांनी काही शहरांत या गाड्यांचा नवा विमा उतरवणंच बंद केलं होतं. त्याच वर्षी कंपनीने फुकट सॉफ्टवेअर अपडेट आणलं, आणि गाडीमालकांशी सुमारे वीस कोटी डॉलरची तडजोड केली.

नोव्हेंबर २०२१ नंतर बनलेल्या प्रत्येक गाडीत इमोबिलायझर असतो. म्हणजे के४ ला हे दुखणं नाही. तिच्या खालच्या मॉडेलात बटणाऐवजी चावी मिळाली तरी घाबरू नकोस, चिप असतेच. फोर्टेचं मात्र उलट. २०२० च्या फोर्टेत बटण असेल तर ठीक, चावी खुपसायचं भोक असेल तर रस्त्यावर लावायला ती गाडी घेऊच नये. अपडेट केलं आहे असं डीलर सांगेल. केलं असेलही. पण चोराला ते कुठे ठाऊक? तो आधी मागची काच फोडतो, मग प्लॅस्टिक उचकटतो, मग त्याला कळतं की इथे काही जमत नाही. गाडी तुझीच राहते, काच मात्र गेलेली, आणि बाहेर जानेवारी. म्हणून के४ घेतलीस तरी स्टिअरिंगवर तो कुलपाचा पिवळाधमक लोखंडी दांडा लाव. दिसायला गबाळं दिसतं, पण लांबून दिसतं हेच त्याचं काम.

इंजिनाबद्दल काका काही बोलले नाहीत याचं मला आश्चर्य वाटलं, कारण तिथे त्यांना खरा मुद्दा सापडला असता. २०११ ते २०१९ च्या सोनाटा, ऑप्टिमा, सोरेंटो, स्पोर्टेज अशा मोठ्या भावंडांमध्ये थीटा-२ नावाचं इंजिन होतं. त्यात बनवतानाच धातूचा कीस राहून बेअरिंगं खराब व्हायची, कधी चालत्या गाडीचं इंजिन जाम. ही गोष्ट ह्युंदाईच्याच किम ग्वांग-हो नावाच्या अभियंत्याने अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याला जाऊन सांगितली. २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांना मिळून २१ कोटी डॉलरचा दंड झाला आणि २०२१ मध्ये किम यांना सरकारकडून दोन कोटी चाळीस लाख डॉलरहून जास्त बक्षीस मिळालं. तुझ्या त्या फोर्टेत आणि के४ मध्ये ते इंजिन नाही, त्यामुळे तुझा त्याच्याशी थेट संबंध नाही. पण पुढेमागे कोणी स्वस्तात २०१४ ची ऑप्टिमा दाखवली तर हा परिच्छेद आठव. कियाच्या सोल आणि सेल्टॉसही पिस्टन रिंगांच्या दोषापायी परत बोलावल्या गेल्यात, २०२० पासूनच्या काही. कुठलीही जुनी गाडी बघायला जाशील तेव्हा तिचा सतरा अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, फोनवर त्याच सुरक्षा खात्याच्या साइटवर टाक, डीलरसमोर उभं राहून. राहिलेले रिकॉल मिनिटात कळतात, आणि डीलरचा चेहराही वाचता येतो.

बाबांना सांग, शेजारच्यांची सेल्टॉस खरंच छान असेल, पण ती आंध्रातल्या अनंतपूरजवळ बनते आणि अमेरिकेतली सेल्टॉस येते कोरियातून. नाव एक, इंजिनं वेगळी. इथे दोन लिटरचं मिळतं, चारही चाकांना ताकद देणारं मॉडेलही मिळतं. तिथे ते नाही. ह्युंदाईच्या व्हेन्यूचंही तसंच. नवी भारतीय व्हेन्यू आपल्या तळेगावात, जनरल मोटर्सच्या जुन्या कारखान्यात बनते, करात सवलत मिळावी म्हणून चार मीटरच्या आत बसवलेली. इथली किंचित लांब, १.६ लिटरची आणि कोरियाची. तुझी के४ तर मेक्सिकोतल्या माँटेरेजवळची. व्हीआयएनचा पहिलाच आकडा बघ, ३ असेल. बर्फासाठी चारही चाकांची गाडी हवी का, असं बाबा नक्की विचारतील. नको. त्या पैशात थंडीच्या चार टायरांचा एक संच घे.

आता पैसे. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

आमची पहिली गाडी घेतली तेव्हा किमतीची घासाघीस संपवून आम्ही नवराबायको विजयी वीरांसारखे 'फायनान्सवाल्या'च्या खोलीत शिरलो. डीलरचं नाव सांगत नाही. छोटी खोली, टेबलावर चॉकलेटची वाटी, माणूस इतका गोड की तो भाच्याची चौकशी करतोय असं वाटावं. त्याने एक रंगीत कागद पुढे सरकवला. टायरमध्ये नायट्रोजन, रंगावर कसलासा थर, काचांवर कोरलेला नंबर. त्याने एकाचीही किंमत सांगितली नाही, नुसतं म्हणाला, 'महिन्याला फक्त अठरा डॉलर वाढतात.' नवऱ्याने सही केली. मी घरी येऊन अठराला साठने गुणलं तेव्हा १,०८० आले. हवेत नायट्रोजन तसाही ७८ टक्के असतो, हे मला सायन्सची पदवी असून त्या खोलीत सुचलं नाही.

तुझ्या डीलरने हाच खेळ मोठ्या आकड्यांवर केलाय. हप्ता ३३५, ऐकायला सोसेल असा. सहा हजार भरून २०,८०० चं कर्ज. ८४ महिन्यांत तू त्याला २८,१०० च्या वर फेडशील, म्हणजे ७,३०० व्याजातच गेले. साठ महिन्यांवर हप्ता ४३२ होतो, व्याज ५,१०० च्या आसपास. बावीसशे डॉलरचा फरक. पण मला त्यापेक्षा जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. तू ओपीटीवर आहेस. एक वर्ष, आणि स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानातली, पदवी असेल तर आणखी दोन. पुढे एच-१बी व्हिसाची सोडत, आणि तिचं कोणी सांगावं? तीन वर्षांनी सामान आवरून नाशिकला जायची वेळ आली, तर ८४ महिन्यांच्या कर्जात तुझ्या डोक्यावर तेव्हाही साधारण १३,४५० डॉलर असतील. साठ महिन्यांच्या कर्जात ९,४५०. आणि गाडी असेल तीन वर्षं वापरलेली, मिलवॉकीच्या रस्त्यावरच्या मिठात लोणच्यासारखी मुरलेली. तिची किंमत त्या १३,४५० च्या खाली गेली तर वरचे पैसे खिशातून भरल्याशिवाय टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, सुटत नाही. विमानाच्या तिकिटाच्या वेळी हे असलं काम कोणाच्या पाठी लागू नये.

म्हणून डीलरकडे जायच्या आधी दोन क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे इथल्या पतपेढ्यांत, विचारून ये. व्हिसावरच्या लोकांना कर्ज देणाऱ्या बऱ्याच असतात, फक्त मुदत व्हिसाशी बांधतात, आणि खरं सांगायचं तर तो तुझ्या भल्याचाच नियम आहे. तिथला मंजुरीचा कागद खिशात असला की फायनान्सवाल्याचा गोडवा निम्मा होतो आणि व्याजही उतरू शकतं. डीलरशी हप्त्यावर बोलूच नकोस. 'सगळं धरून दारातून बाहेर पडतानाचा आकडा द्या, ईमेलवर,' एवढंच म्हण. मिलवॉकी शहरात विक्रीकर ७.९ टक्के, तो गाडी जिथे राहते त्या पत्त्यावर लागतो, म्हणून बाजूच्या गावात जाऊन घेतलीस तरी सुटका नाही. गाडी कारखान्यापासून आणण्याचा आकार खिडकीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो, तो द्यावाच लागतो. त्यापलीकडे जी जी ओळ हाताने लिहिलेली किंवा वेगळ्या कागदावर चिकटवलेली दिसेल, तिच्यावर बोट ठेवून 'ही काढा' म्हणायचं.

आणि या सगळ्याच्याही आधी विमा. व्हीआयएन घे, तुझा रस्त्यावरच्या पार्किंगचा खरा पत्ता दे आणि तीन कंपन्यांचे कोट काढ. नवा ड्रायव्हर, नवं लायसन्स, मिलवॉकीतला पिन कोड. हप्ता ४३२ आणि विमा त्याच्या निम्मा, असं निघालं तर के४ सध्या तुला पेलणार नाही, मग कितीही आवडली तरी. तसं झालं तर अधिकृत डीलरकडची, सर्टिफाइड, २०२२ च्या उत्तरार्धातली किंवा २०२३ ची फोर्टे शोध. इमोबिलायझर आलेला, वॉरंटी शिल्लक, आणि पहिल्या वर्षाची किमतीतली घसरण दुसऱ्याने सोसलेली. मी तुझ्या जागी असते तर आधी हीच शोधली असती, के४ नंतर.

यापेक्षा स्वस्त शोधायला आता फारसं उरलंही नाही. ह्युंदाईची ॲक्सेंट २०२२ नंतर गेली, कियाची रिओ २०२३ नंतर, आणि २०२५ मध्ये ते चौकोनी डब्यासारखं गोड सोलही बंद झालं. वीस-बावीस हजारांच्या आसपास आता कोरियन म्हणावी अशा व्हेन्यू, एलांट्रा, के४ एवढ्याच. टोयोटाची कोरोलाही किमतीत त्यांच्या फार वर नाही, आणि पाच वर्षांनी विकताना ती जास्त पैसे देऊन जाते, यात काका शंभर टक्के बरोबर आहेत. फक्त तेच सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे जुन्या कोरोलाची किंमत ऐकून नवी घ्यावीशी वाटते. काकांना सांग, तुमच्या ओळखीत कोणी कोरोला विकत असेल तर मी उद्या येतो. नसेल तर हा विषय संपला. आणि नवीन गाडीचा फोटो पाठवलास तर तयारी ठेव. कियाचा नवा लोगो लोक 'केएन' असा वाचतात. काका विचारतील, 'ही केएन कुठली रे कंपनी?' त्यांना थोडा वेळ तसंच ठेव.

घेतलीस की पहिल्या दिवसापासून ऑइल बदलल्याची प्रत्येक पावती फाइलला लाव. तारीख आणि मैल लिहिलेली. दहा वर्षांच्या वॉरंटीवर इंजिन मागायला जाशील तेव्हा ते पहिली गोष्ट हीच मागतात.

आता आईचा नारळ. डीलरच्या लॉटमध्ये फोडू नकोस, आमच्याकडे एकाने फोडला तेव्हा आतून दोघे जण धावत आले होते, त्यांना वाटलं काहीतरी तुटलं. तुझ्या रस्त्यावरही नको, करवंटीचे तुकडे बर्फात दिसत नाहीत आणि पहिला टायर तुझाच जाईल. गाडी घेऊन मिशिगन सरोवराच्या काठी जा, सकाळी लवकर, फोन डॅशबोर्डवर लाव. हळदकुंकू बोनेटवर, रंगाला डाग पडणार नाही इतपत. नारळ जाड पिशवीत घालून दगडावर आपट, पाणी चाकांवर शिंपड, पिशवी उचलून घरी आण. चारी चाकांखाली लिंबं ठेवायची असतील तर मोजून चार ठेव आणि आईला दाखवून गाडी पुढे घे. पाचवं लिंबू चहाला ठेव, तिथे वारा फार असतो.

– ताई